एका क्षणाचा वेग

निवृत्तीनंतर मी कुणाच्याही शिकवणीशिवाय कॅलक्युलस, म्हणजे बदलत्या राशींचे गणित, शिकू लागलो आहे, आणि सयाजीराव महाराजांच्या काळात, १९१० साली सुरू झालेल्या बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयात वही उघडली की एकच प्रश्न समोर उभा राहतो: एका क्षणात कापलेले अंतर शून्य आणि गेलेला वेळही शून्य, तर त्या क्षणीचा वेग म्हणजे नेमके काय?

हवेचा विरोध सोडून दिला, तर वरून सोडलेला दगड सेकंदांच्या वर्गाच्या ४.९ पट मीटर खाली येतो. पहिला सेकंद संपल्यावर पुढचा पूर्ण सेकंद धरला, तर सरासरी वेग सेकंदाला १४.७ मीटर येतो. एक दशांश सेकंद धरला तर १०.२९ आणि एक शतांश धरला तर ९.८४९. ९.८ च्या वर जे उरते ते नेहमी धरलेल्या काळाच्या ४.९ पट असते, म्हणून ते हवे तितके लहान करता येते; त्या क्षणीचा वेग म्हणजे हेच ९.८, आणि शून्याने भागण्याची वेळच येत नाही.

भागताना शून्य नसलेली राशी नंतर शून्य कशी मानायची, हा तत्त्वज्ञ बर्कलीचा कॅलक्युलसवरचा १७३४ सालचा आक्षेप मला पूर्णपणे रास्त वाटतो. फ्रेंच गणिती कोशीने १८२१ मध्ये सीमेची, म्हणजे राशी जिच्या हवी तितकी जवळ जाते त्या संख्येची, कल्पना पायाशी ठेवली, तेव्हा कुठे त्याला नीट उत्तर मिळू लागले.