पोराला ‘साऊंड’ला घालायचंय, काय करावं?

गावी अंबाजोगाईला गेलो की कुणी ना कुणी हटकतंच, ‘दादा, पोरगं डॉक्टरकीची ‘नीट’ परीक्षा सोडून पिक्चरचं साऊंड शिकायचं म्हणतंय. डीजेसारखं असतंय का ते?’ उभ्या उभ्या सांगून होत नाही, म्हणून इथे लिहितो.

डीजेशी काही संबंध नाही. आम्हा साऊंडवाल्यांचा बराचसा वेळ संवाद साफ करण्यात जातो. समजा, लातूरकडे पत्र्याच्या घरात सीन चाललाय. बापाचा क्लोजअप सकाळी घेतला, मुलीचा दुपारी. मधेच शेतीची लाईट आली, शेजारच्या विहिरीवर मोटर सुरू झाली. आता दोघांची वाक्यं एकापुढे एक लावली की बाप बोलताना शांतता, मुलगी बोलताना घरघर. प्रत्येक कटला कान अडखळतो. म्हणून सीन संपला की अख्ख्या युनिटला गप्प उभं करून त्या खोलीचा मिनिटभर नुसता आवाज घेतात. हा रूम टोन. मग मुलीच्या वाक्यांतली घरघर जमेल तेवढी कमी करायची आणि उरलेली बापाच्या वाक्यांखालीही पसरायची. स्वच्छ आवाजात मुद्दाम घाण मिसळायची! नव्या पोरांना हे लवकर पचत नाही.

पावलं, बांगड्या, भांडी हे सगळं नंतर स्टुडिओत पडद्याकडे बघत वाजवतात, त्याला फोली म्हणतात. बाकी तयार आवाजांच्या लायब्ररीतून येतं. पण वाळल्या ज्वारीतून माणूस जातानाची सळसळ मला एकाही लायब्ररीत धड मिळाली नाही, आमच्याच शेतात जाऊन घेतली.

शिकायला पुण्याची एफटीआयआय, म्हणजे फिल्म इन्स्टिट्यूट, आणि कोलकात्याची सत्यजित राय इन्स्टिट्यूट. दोन्हीकडे प्रवेश परीक्षा, आणि आधी पदवी लागते. २००९ साली ‘स्लमडॉग मिलेनियर’च्या साऊंड मिक्सिंगसाठी ऑस्कर मिळवणारे रसूल पूकुट्टी पुण्याचेच विद्यार्थी, हे ऐकलं की आईवडील सैलावतात. एवढ्यात सैलावू नका. काम सिनेमागणिक मिळतं, पैसे हप्त्याहप्त्याने येतात आणि शेवटच्या हप्त्यासाठी फोन करावे लागतात.

प्रवेश मिळेपर्यंत महागडे स्पीकर घेऊन देऊ नका. एक छोटा रेकॉर्डर आणि बरा हेडफोन पुरे. मोबाईलवर भागत नाही, कारण शांतता झाली की तो आपल्याआपण आवाज चढवतो. आवाज जोडायचं-कापायचं रीपर सॉफ्टवेअर ६० दिवस फुकट वापरून बघता येतं.

आणि क्लासची फी भरलीच असेल तर ‘नीट’ परीक्षा देऊ द्या. नाही लागला नंबर तर बीएस्सी करेल. पदवी तशीही लागणारच आहे.