भातकापणीच्या दिवसांतला माझा दमा

पावसाळा सरला की कोकण सुंदर दिसतं, पण दमेकऱ्याचे कठीण दिवस तेव्हाच सुरू होतात. आमचं घर वेंगुर्ले तालुक्यात, पुढे समुद्र आणि मागे भाताचे मळे. दिवसा खारं वारं येतं तोवर बरं असतं. रात्री मतलई सुटली की वारा उलटा फिरतो आणि कापणी चाललेल्या मळ्यांवरून थेट आमच्या खिडकीत शिरतो. दमा तसाही पहाटे उचल खातो, त्यात ही भर.

डॉक्टरांनी आधी पीक फ्लो मीटर, म्हणजे श्वास किती जोरात बाहेर पडतो ते मोजणारं छोटं यंत्र, घ्यायला लावलं. त्यात जोरात फुंकलं की काटा सरकतो. सकाळ-संध्याकाळ तीनदा फुंकायचं आणि त्यातला मोठा आकडा वहीत लिहायचा. बरी असते तेव्हा माझा आकडा 400 असतो. त्याच्या 80 टक्के, म्हणजे 320, इथपर्यंत काळजी नाही. त्याखाली सावध व्हायचं, आणि 200च्या खाली गेला तर थांबायचंच नाही, श्वासाचा पंप (इन्हेलर) घेत दवाखाना गाठायचा. कागदावर बघितल्याशिवाय ते पटत नाही, पण छातीत घरघर ऐकू येण्याआधीच आकडा उतरायला लागलेला असतो.

वहीतून आणखी एक गोष्ट कळली. आकडा हळव्या, म्हणजे लवकर पिकणाऱ्या, भाताच्या झोडणीला पडत होता, तसाच त्याच्या आधीही, माळ्यावरच्या गोधड्या खाली काढल्या त्या दिवसांत. चार महिन्यांच्या ओलीने कपाटामागच्या भिंतीला काळी बुरशी धरली होती. गोधड्यांत धुळीतले सूक्ष्म किडे असणारच, दमट हवा त्यांना मानवते. मग गळकी कौलं बदलली, कपाट भिंतीपासून हातभर पुढे ओढलं, चादरी कढत पाण्यात धुतल्या आणि गाद्या ऑक्टोबरच्या कडक उन्हात टाकल्या. झाडलोट आता यजमान करतात, मी तेवढा वेळ घराबाहेर असते.

औषधाबद्दल मात्र सविस्तर लिहिते, कारण गावात गैरसमज इथेच आहेत. माझे पंप दोन. साल्ब्युटामॉलचा काही मिनिटांत श्वास मोकळा करतो, पण श्वासनलिकांच्या आतली सूज तशीच राहते. ती उतरवतो तो ब्युडेसोनाईडचा. त्याचा पूर्ण गुण यायला काही आठवडे जातात, म्हणून कापणीला विळा लावल्यावर सुरू करून भागत नाही. डॉक्टरांनी माझ्यासाठी खूण ठरवून दिली: गणपती गेले की रोजचा पंप सुरू. शेजारच्या काकी अजून म्हणतात, "पंपाची सवय लागतली गो तुका!" त्यांना मी सांगते, काकी, ह्याची सवय लागत नाही. मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते आणि ती थेट फुप्फुसात जाते.

घेण्याची पद्धतही नीट शिकून घ्यावी लागते. पंप हलवून स्पेसरला, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामधल्या प्लॅस्टिकच्या पोकळ नळीला, लावायचा, एकच फवारा मारायचा, सावकाश श्वास ओढायचा आणि दहा आकडे मोजेपर्यंत धरून ठेवायचा. ब्युडेसोनाईडनंतर गुळण्या हव्यातच, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते. स्पेसर साबणाच्या पाण्यात धुऊन तसाच निथळत ठेवते. फडक्याने पुसला की प्लॅस्टिकला औषध चिकटतं आणि छातीत कमी जातं.

झोडणीचं खळं दिरांनी आता रात्रीच्या मतलईच्या खालच्या अंगाला, समुद्राच्या बाजूला नेलंय. "वैनी, तुम्ही वारवायला येऊ नका," हे त्यांनी आपणहून सांगितलं, याचं मला फार अप्रूप वाटतं. भाताची कूस आणि पेंढ्याची धूळ किती बारीक असते, ते सूप हातात घेणाऱ्यालाच ठाऊक! माणसांचं जेवण मी करते, पण गॅसवर. चुलीचा धूर मला चालत नाही.

नरकचतुर्दशीच्या पहाटे खिडक्या बंद. मुलं आमच्या अंगणात फटाके लावत नाहीत, पण वाडीचा धूर गार हवेत खालीच रेंगाळतो.

स्वयंपाकघराच्या दारामागे एक कागद चिकटवलाय: सलग वाक्य बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसले, किंवा साल्ब्युटामॉलचा गुण चार तासही टिकला नाही, तर वाट बघायची नाही. रात्री गाडी कोण काढणार त्याचं नाव आणि नंबरही त्यावरच आहे. गरवं, म्हणजे उशिरा पिकणारं, भात घरात आलं की वही घेऊन डॉक्टरांकडे जायचं. मात्रा उतरवायची की नाही, ते आकडे बघून तेच ठरवतात.