आमची वाटचाल : 19 माणसं आणि ओव्हरटाइमचं रजिस्टर

भोसरी एमआयडीसीत 2006 ला आम्ही लेथवर पार्ट बनवायला शेड घेतलं, भाड्याचं, पत्र्याचं. दोन जुन्या ट्रॉब आणि एक कॅपस्टन, म्हणजे जुन्या पद्धतीचे लेथ, एवढंच. पार्टनर म्हणजे तात्या. तात्या एका मोठ्या कंपनीच्या टूलरूममधून रिटायर झालेले, मी तिथेच त्यांच्या हाताखाली अप्रेंटिस होतो. पीएफचे पैसे त्यांनी या धंद्यात घातले, लेखी काही नाही, नुसता शब्द. त्यांच्या हातचा कोलेट (लेथमध्ये बार पकडणारा भाग) दहा वर्षं खराब व्हायचा नाही, खोटं सांगत नाही, एक अजून माझ्या टेबलावर आहे. 2009 ते 2018 चांगली गेली, सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारी मशीन) आली, एकाच्या सहा झाल्या, त्यात सांगण्यासारखं फार काही नाही.

सांगायचंय ते 2019 चं. गाड्यांचा खप पडला, वर 1 एप्रिल 2020 पासून बीएस 6 (गाड्यांच्या धुराचा नवा नियम) येणार म्हणून सगळ्यांनी जुना स्टॉक कमी करायला घेतला. शेड्यूल, म्हणजे कंपन्यांची महिन्याची मागणी, 40 टक्के खाली. आम्ही 19 जण, पगार पीएफ ईएसआय धरून महिन्याला 4 लाख 10 हजार. बँकेचा हप्ता वेगळा, लाइट बिल वेगळं. एका ओळखीच्या माणसाने कन्सल्टंट आणला, त्याने दोन तास लॅपटॉप उघडून सांगितलं, सहा जण कमी करा, लाख-सव्वा लाख वाचतील. एवढंच. कोण सहा, ते काय करतात, मशीनवर कोण उभा राहणार, एक शब्द विचारला नाही. फी मात्र घेतली.

त्याच गल्लीत पुढच्या शेडवाल्याने खरंच तसं केलं, 11 जण काढले, आणि आमचा एक बुश (नळीसारखा गोल पार्ट), जो आम्ही एका मोठ्या कंपनीला सात वर्षं देत होतो, तो नगाला 1 रुपया 10 पैसे कमी लावून उचलून नेला. सात वर्षांत लाइन रिजेक्शन (कंपनीने पार्ट नापास करणं) जवळजवळ नाही, रात्री बारा वाजता गाडी भरून दिलीय, तरी कंपनीच्या परचेसवाल्याने फोनसुद्धा केला नाही, नुसता मेल. आजही ते आठवलं की झोप जाते.

त्या रात्री मी मस्टर आणि ओव्हरटाइमचं रजिस्टर घरी घेऊन आलो. हिशोब बायकोच बघते, तिनेच बोट ठेवलं. म्हणाली, काम 40 टक्के कमी झालंय म्हणता, मग महिन्याचा ओव्हरटाइम 58 हजार कसा? मी गप्प. तेव्हाच्या कायद्याने दिवसाला नऊ तासांच्या वर किंवा आठवड्याला 48 च्या वर गेलं की डबल रेट, म्हणजे सगळ्यात महाग तास आपण सगळ्यात मंदीत विकत घेत होतो.

सकाळी तात्यांना विचारलं. तात्या म्हणाले, "मशीनपाशी उभा रहा आणि मोबाइलवर वेळ लाव, मला काय विचारतोस." तर उभा राहिलो. आमचा सगळ्यात चांगला सेटर (मशीन नव्या पार्टसाठी लावून देणारा), मशीनवरचा जॉब, म्हणजे पार्ट, बदलत होता. जॉ (पार्ट पकडणारे जबडे) काढले, सॉफ्ट जॉ (पार्टच्या मापाला कापून घ्यायचे मऊ जबडे) शोधले, सापडले ते दुसऱ्या जॉबचे, मग नवीन बोअर करायला घेतले, सहाची एलन की शेजारच्या मशीनवर, इन्सर्टचा (टूलला लावायच्या कापणाऱ्या टिपांचा) डबा स्टोअरमध्ये आणि स्टोअरची किल्ली सुपरवायझरच्या खिशात, तो चहाला गेलेला, ऑफसेट घेतला (टूलचं माप मशीनला दिलं), पहिला पीस काढला, तो इन्स्पेक्शनला नेला तर तिथे रांग. 2 तास 10 मिनिटं. ऑपरेटर सगळा वेळ बाजूला उभा. माणूस आळशी नव्हता, एक मिनिट बसला नाही तो, पण पन्नास वेळा चालला.

आणि मंदीत हेच वाढतं, हे कोणी सांगत नाही. आधी एक जॉब लावला की चार दिवस चालायचा, आता लॉट छोटे, 300, 500 पीस, म्हणजे दिवसाला पाच सेटिंग. पाच गुणिले 2 तास 10 मिनिटं, दिवसाचे जवळपास 11 तास मशीन बंद, आणि मशीन बंद म्हणजे सेटर आणि ऑपरेटर दोघं बंद. मग डिस्पॅच गाठायला संध्याकाळी थांबायचं, डबल रेटने. माणसं जास्त नव्हतीच हो, सेटिंग जास्त होती.

मागे एका ट्रेनिंगला जपानी इंजिनिअर शिगेओ शिंगोंचं ऐकलं होतं, मशीन थांबवूनच करावं लागतं ते काम वेगळं काढा आणि मशीन चालू असताना करता येतं ते वेगळं. ऐकताना सोपं वाटलं म्हणून सोडून दिलं होतं. आता केलं. प्रत्येक जॉबचे सॉफ्ट जॉ वेगळे, नंबर पंच करून, सेटच्या सेट बांधलेले (परत लावल्यावर हलका एक कट मारावाच लागतो, नाहीतर रनआउट येतो, म्हणजे पार्ट मध्यावर फिरत नाही, पण तो कट पाच मिनिटांचा). प्रत्येक मशीनला एक ट्रॉली, त्यावर पुढच्या जॉबचे टूल, इन्सर्ट, गेज, ड्रॉइंग, आधीचा जॉब चालू असतानाच भरून ठेवायची. एलन कीसाठी प्लायवूडचा बोर्ड, आमच्या एका हेल्परने प्रत्येक कीची आउटलाइन लाल पेंटने काढली, की जागेवर नसेल तर लाल डोळ्यात भरतो. तात्या 74 वर्षांचे, स्टुलावर बसून तीन आठवडे जॉ पंच करत होते. पहिला पीस इन्स्पेक्टरने मशीनवर येऊन बघायचा, मशीनवरून पीस न्यायचा नाही. दीड महिन्यात सेटिंग 40 मिनिटांवर आलं.

आता खरी अडचण. ओव्हरटाइम गेला म्हणजे पोरांच्या घरातलं बजेट गेलं. दोघा-तिघांनी तोंडावर सांगितलं, शेठ आम्ही फास्ट काम करून आमचाच पगार कापला की. बरोबर होतं त्यांचं. गुरुवारी सुट्टी असते, त्या दिवशी सगळ्यांना बोलावलं आणि रजिस्टर उघडून ठेवलं. ओव्हरटाइम 58 वरून 6 हजारावर आलाय, वाचले 52, निम्मे तुमचे. माणशी 1,350, हेल्पर असो की सेटर, सारखे. कुणाच्या हाताला जास्त लागायचे त्याला कमी वाटलं, एक सेटर पंधरा दिवस बोलला नाही माझ्याशी. पण पगारपत्रकात आकडा दिसला तेव्हा बाकीचे शांत झाले.

दुसरं, डीबरिंग (पार्टच्या कडांची धार काढणं) आणि पॅकिंग बाहेर द्यायचो, महिन्याला 24 हजाराचं बिल. ते घरात घेतलं, ज्या मशीनला काम नाही त्याचा ऑपरेटर तिथे. आणि मी आणि बायको दोघं मिळून महिन्याला 85 हजार उचलायचो ते 25 वर आणलं, सात महिने. ओव्हरटाइमचे आमच्याकडे राहिलेले 26, डीबरिंग-पॅकिंगचे 24 आणि आमच्या उचलीचे 60, एक लाख दहा हजार झाले. सहा माणसांच्या पगाराएवढे. एकही माणूस घरी गेला नाही.

नवीन शेड टाकणाऱ्यांना एक सांगतो, विचारलं नाही तरी सांगतो, आपला स्वतःचा पगार आधी कापा आणि तो कापलेला माणसांना कागदावर दाखवा. आणि छोट्या उद्योगांना 45 दिवसांत पेमेंटचा कायदा आहे म्हणून बसून राहू नका, 90 दिवस धरूनच कॅशफ्लो मांडा, कायद्याचं पत्र पाठवलं की पुढचं शेड्यूल येत नाही, मी पाठवून बघितलंय.

मग मार्चमध्ये लॉकडाउन. एप्रिलला सगळ्यांना 70 टक्के दिले, राहिलेले दिवाळीपर्यंत दोन हप्त्यांत. सरकारच्या गॅरंटीचं ते जुन्या कर्जाच्या 20 टक्के जादा कर्ज घेतलं. पण त्याच्याही आधी मिरजेचे आमचे पंपवाले, महिन्याला जेमतेम 2,000 पीसचं गिऱ्हाईक, त्यांनी एप्रिलमध्ये फोन केला आणि विचारलं, पोरांचे पगार झाले का? दुसऱ्या दिवशी 80 हजार ॲडव्हान्स खात्यात, पीओ (लेखी ऑर्डर) नाही, काही नाही. त्यांचा माल आजही गाडीत पहिला चढतो, मोठ्या कंपनीचा ट्रक गेटवर उभा असला तरी.

2021 ला काम एकदम उघडलं आणि भोसरीत ऑपरेटर मिळेना, गावाला गेलेले परत आलेच नव्हते सगळे. पुढच्या शेडवाल्याकडे मशीन होत्या, उभं रहायला माणूस नव्हता. तोच परचेसवाला, यावेळी फोन, मेल नाही. बुश परत घ्याल का, जुन्या रेटला? मी म्हणलं जुन्या रेटवर 40 पैसे जास्त, आणि पीओ आधी. दोन दिवस त्याने फोन उचलला नाही, तिसऱ्या दिवशी पीओ आला. त्या बुशचे जॉ तात्यांनी तेव्हाच पंच करून ठेवले होते, जॉब गेलेला असताना. काढून टाकू म्हणलं होतं मी, ते म्हणाले असू दे. पहिला लॉट 4,000 पीसचा, सेटिंग 34 मिनिटांत, आणि ते लावलं त्या पंधरा दिवस न बोललेल्या सेटरने.