माहितीपटासाठी पैसा उभा करताना

मालवणजवळच्या एका खाडीकाठी लाकडी होड्या बांधणाऱ्या एका वृद्ध सुतारांवर मी गेली चार वर्षे माहितीपट करतो आहे. पहिल्याच भेटीत त्यांनी दोन फळ्यांच्या सांध्यात कापसाची वात ठोकत ठोकत आत सारली, वरून तेलात कालवलेली राळ भरली आणि शेवटी डोळे मिटून सांध्यावरून अंगठा फिरवला. तेवढे साडेतीन मिनिटांचे चित्रण माझ्याजवळ होते. ध्वनिमुद्रक नव्हता, संकलक नव्हता आणि पुन्हा तिथे जाऊन महिनाभर राहण्याइतके पैसेही नव्हते. माझ्यासारख्याच परिस्थितीत असलेले तरुण मित्र निधी कुठे मिळतो असे विचारतात, तेव्हा मला आधी सांगावेसे वाटते ते असे, की संपूर्ण माहितीपटाचा पैसा एका ठिकाणाहून आणि एका वेळी जवळजवळ कुणालाच मिळत नाही. संशोधन, चित्रीकरण, संकलन आणि शेवटची ध्वनी-रंगाची कामे यांसाठी देणारे वेगवेगळे असतात, आणि आपण आज कोणत्या टप्प्यावर आहोत हे प्रामाणिकपणे ओळखल्याशिवाय योग्य दारापर्यंत पोहोचता येत नाही. मी पहिली दोन वर्षे संशोधनाच्या टप्प्यावर असताना निर्मितीचा निधी मागत राहिलो, आणि सगळीकडून नकार आले.

एके काळी हा शोध इतका विखुरलेला नव्हता. १९४८ साली स्थापन झालेल्या, केंद्र सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनचे अनुबोधपट देशभरच्या चित्रपटगृहांत मुख्य चित्रपटाआधी दाखवले जात आणि बाहेरच्या निर्मात्यांनाही तिथे काम मिळे. २००० साली सुरू झालेल्या पब्लिक सर्व्हिस ब्रॉडकास्टिंग ट्रस्टने दूरदर्शनच्या सहकार्याने शेकडो स्वतंत्र माहितीपट उभे केले, त्यांतले कित्येक दिग्दर्शकांचे पहिलेच होते. २०२२ मध्ये फिल्म्स डिव्हिजन राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले. माहितीपटासाठीच उभी असलेली एक स्वतंत्र सरकारी संस्था त्यामुळे राहिली नाही, याची खंत मला आजही वाटते.

आज संशोधनाच्या टप्प्यावर असलेल्या मराठी माणसाने सर्वप्रथम बंगळूरच्या इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स या संस्थेच्या योजना वाचाव्यात. १९९३ साली स्थापन झालेली ही संस्था १९९५ पासून कलाविषयक संशोधनाला आणि प्रत्यक्ष कलानिर्मितीला अनुदान देते, आणि प्रस्ताव कोणत्याही भारतीय भाषेत स्वीकारते. हा शेवटचा मुद्दा मला फार मोलाचा वाटतो. माझा पहिला इंग्रजी प्रस्ताव मी अलीकडे पुन्हा वाचला, तेव्हा त्यात 'लोप पावत चाललेली परंपरा' या अर्थाची वाक्ये पानोपानी सापडली, पण सुतारांचा अंगठा कुठेच नव्हता. तोच प्रस्ताव मराठीत लिहायला बसलो, तेव्हा राळेचा वास, फायबरच्या होड्या आल्यापासून रिकामी पडलेली मांगराची, म्हणजे होड्या बांधायच्या छपराची, जागा, मुलाने गोव्यात धरलेली नोकरी हे सगळे आपोआप कागदावर उतरले. पुढे एका संस्थेकडून मिळालेले छोटे अनुदान मला त्याच मजकुरावर मिळाले. ज्या भाषेत आपण माणसांशी बोलतो, त्याच भाषेत पहिला मसुदा लिहावा आणि गरज पडली तर त्याचे इंग्रजी नंतर करावे, असा माझा आग्रह आहे.

निर्मितीचा निधी मागताना मात्र कागद पुरत नाही, तिथे चित्रण दाखवावे लागते. यात नवे काही नाही. १९१२ साली दादासाहेब फाळक्यांनी भांडवल उभे करण्यासाठी वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चौकट टिपून पडद्यावर दाखवली होती, आणि चलच्चित्र म्हणजे काय हे त्या छोट्या फितीने पैसे देणाऱ्यांना पटवले. आपल्या नमुन्याच्या चित्रणातही संगीत, निवेदन आणि झपाट्याचे तुकडे यांपेक्षा एक अखंड प्रसंग असावा. त्यातून ती माणसे आपल्याला किती जवळ येऊ देतात हे दिसते, आणि निवड करणारे नेमके तेच शोधत असतात.

असे चित्रण हाताशी आले की सादरीकरणाच्या व्यासपीठांकडे, म्हणजे पैसे देणाऱ्यांपुढे आपला प्रकल्प मांडता येतो अशा मेळाव्यांकडे, वळता येते. कोलकात्यात २००४ पासून भरणारे डॉकएज नवख्यांसाठी उत्तम आहे, कारण तिथे देशोदेशीच्या निर्मात्यांपुढे बोलण्याआधी मार्गदर्शक आपल्याकडून प्रकल्पाची पुन्हा पुन्हा मांडणी करून घेतात. गोव्यातील फिल्म बझार (२०२५ पासून वेव्हज फिल्म बझार) आपल्याला सर्वांत जवळचा, आणि मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवातही २०२४ मध्ये प्रथमच माहितीपटांसाठी डॉक फिल्म बझार भरला. परदेशी निधींपैकी ॲमस्टरडॅमच्या इडफा महोत्सवाशी जोडलेला बर्था फंड आशिया, आफ्रिका, लॅटिन अमेरिका अशा प्रदेशांतील दिग्दर्शकांसाठीच आहे, आणि १९९८ पासून, आधी डच माहितीपटकार यान व्राइमन यांच्या नावाने, तो चालू आहे.

परदेशी पैशाबाबत मात्र अर्ज करण्यापूर्वीच सावध व्हायला हवे. एका परदेशी संस्थेने माझा प्रकल्प निवडला होता, पण तिचे अनुदान माझ्या वैयक्तिक खात्यात घेता येणार नाही हे मला निवड झाल्यावर कळले. आठ महिन्यांच्या पत्रव्यवहारानंतर ती रक्कम परत गेली. परकीय योगदान विनियमन कायदा २०१०चा आहे, आणि त्याखालील नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसताना असे अनुदान स्वीकारणे धोक्याचे ठरते. २०२० च्या दुरुस्तीनंतर तर नोंदणी असलेल्या संस्थेलाही तिला मिळालेले परकीय योगदान दुसऱ्याकडे वर्ग करता येत नाही. त्यामुळे ओळखीच्या न्यासामार्फत पैसे घेण्याचा पूर्वीचा मार्ग बंद झाला आहे. नेहमीच्या व्यवसायात दिलेल्या सेवेचा मोबदला या कायद्याच्या व्याख्येत येत नाही, म्हणून अनेक जण कंपनीमार्फत सहनिर्मितीचा करार करतात. तो करार अनुदानाचा की व्यवसायाचा हे त्यातील शब्दांवर ठरते, तेव्हा मसुदा जाणकार सनदी लेखापालाला दाखवल्याशिवाय सही करू नये.

अंदाजपत्रकाबद्दल एकच गोष्ट कळकळीने सांगतो. त्यात स्वतःचे मानधन लिहा. मी ते शून्य दाखवत असे, आणि त्यामुळे माझी तळमळ दिसेल अशी माझी समजूत होती. वाचणाऱ्याला मात्र त्यातून एवढेच दिसते, की हा माणूस मधेच दुसरी नोकरी धरील आणि काम थांबेल. हार्ड डिस्कच्या दोन प्रती, उपशीर्षके, प्रवासात ध्वनिमुद्रकाची राहण्याजेवणाची सोय यांनाही रक्कम हवी. चित्रीकरणाच्या दिवशी ज्यांचे काम खोळंबते त्यांची मजुरी द्यायची की नाही, यावर माहितीपटकारांत मतभेद आहेत. माझ्या मते ती द्यावी आणि अंदाजपत्रकात उघडपणे लिहावी.

गेल्या महिन्यात संकलनाच्या निधीचा अर्ज पाठवून मी मालवणला गेलो होतो. आबा, म्हणजे माझे ते सुतार, रंधा मारत बसले होते. मला पाहताच त्यांनी रंधा बाजूला ठेवला आणि विचारले, "काय रे झिला, पैशे गावले?" निकाल लागायला अजून तीन महिने आहेत, असे मी सांगितले. त्यांनी मान हलवली, आणि या वेळची होडी त्याआधीच पाण्यात जाईल, तेव्हा कॅमेरा घेऊन ये, म्हणाले.