गासच्या अलीकडे

ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या एका शुक्रवारी पहाटेची मिस्सा ऐकून आम्ही नऊ जण नंदाखालहून निघालो. जायचं होतं वसईच्या किल्ल्यात, संत गोन्सालो गार्सियाच्या चर्चपर्यंत. अनवाणी चालायचं, रोझरी म्हणायची आणि पोहोचेपर्यंत पाण्याशिवाय पोटात काही घालायचं नाही, असं ठरलेलं.

दारू सोडून मला सात महिने झाले होते. आमच्यातल्या फक्त मावशीला ते ठाऊक होतं.

निर्मळपर्यंत गाणी म्हणत आलो. पुढे ऊन चढलं, डांबर तापलं, टाचेचा फोड फुटला. मी मागे पडत गेलो. गास गावाच्या अलीकडे एका वाडीत, बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्याच्या काठी, ओळखीचा एक जण सावलीत बसला होता. पुढ्यात कॅन आणि काचेचा ग्लास. ताडीला दुपारचा आंबूस वास सुटलेला, ग्लासात वर फेस.

"दमलास ना? बस घटकाभर. उपवास मटणाचा असतो रे, झाडाच्या रसाचा कुठला?"

मला ते पटलं. खोटं कशाला सांगू, अगदी पटलं. पहाटे कुणी म्हटलं असतं तर हसून पुढे गेलो असतो. येशूकडेही सैतान आला तो चाळीस दिवसांच्या उपासानंतर, भूक लागल्यावर. आणि मागितलं काय, तर धोंड्यांच्या भाकरी कर. भाकरीत वाईट ते काय? मोह असाच शहाण्यासारखा बोलतो.

पूर्वी मी अशा वेळी दात-ओठ खाऊन एकटाच झुंजायचो आणि दर वेळी हरायचो. गेथशेमानेच्या बागेत प्रभूनेसुद्धा तिघा शिष्यांना जवळ थांबायला सांगितलं होतं. ते झोपले, तेव्हा म्हणाला, "आत्मा उत्सुक आहे खरा, पण देह अशक्त आहे." ते शब्द मी लहानपणापासून रागावणं म्हणून ऐकत आलो. त्या दुपारी त्यात मला माया ऐकू आली.

मी जीव खाऊन ओरडलो, "मावशी, थांब गं!"

ती मागे आली. ग्लासाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, एक शब्द विचारला नाही. पिशवीतून सुकेळीची पुडी काढली, वाळकं सोपट सोडलं आणि एक केळं माझ्या हातावर ठेवलं. काळपट, चिकट, मधासारखं गोड.

"अगं, उपास..."

"आधी खा. रिकाम्या पोटी सैतानाशी बोलू नये."

एलिया संदेष्टा मरण मागत झुडपाखाली निजला होता, तेव्हा देवदूतानेही त्याला आधी भाकर दिली होती. मी खाल्लं. माझा कोपर धरून तिने मला रस्त्यावर आणलं.

किल्ल्यात पोहोचल्यावर बराच वेळ गोन्सालोपुढे बसलो. वसईचा हा मुलगा. १५९७ साली क्योटोहून नागासाकीपर्यंत ऐन थंडीत, जवळजवळ महिनाभर त्याला आणि त्याच्या सोबत्यांना चालवत नेलं आणि ५ फेब्रुवारीला क्रुसावर मारलं. त्यांच्यातल्या १२ वर्षांच्या लुईसला, धर्म सोड, जीव वाचेल, असं सांगितलं होतं म्हणतात. त्याने ऐकलं नाही. आजवर मी त्यांचं धैर्यच तेवढं पाहत होतो. त्या दिवशी मनात आलं, ते सव्वीस जण होते.

परतीच्या बसमध्ये मी खिडकीशी बसायला गेलो. वाटेत गास लागायचं होतं.

"सरक," मावशी म्हणाली, "तिथे मी बसते."