कांचनजंगाचा काळा चौकोन

पेडर रोडच्या फुटपाथवरून कांचनजंगा इमारतीचे काढलेले पहिले सगळे फोटो मी घरी येऊन पुसून टाकले. कॅमेरा वर केला की इमारतीच्या उभ्या रेषा माथ्याशी एकमेकींकडे झुकतात. मला हवी होती पट्टीने आखल्यासारखी आकृती: फिकट भिंत, तिच्या कोपऱ्यात घराच्या गच्चीच्या जागी कापलेला एक काळा चौकोन, बाकी रिकामं आभाळ. सॉफ्टवेअरमध्ये रेषा सरळ करून पाहिल्या, पण वरचे मजले ताणले जातात आणि कडेचं बरंच काही कापलं जातं.

वास्तुकार चार्ल्स कोरिया यांची ही इमारत १९८३ साली पूर्ण झाली. २८ मजले, ३२ घरं. उंची ८४ मीटर आणि आराखडा २१ बाय २१ मीटरचा चौरस, म्हणजे उंची रुंदीच्या बरोबर चौपट. हे वाचलं आणि ठरवलं, आपली फ्रेमसुद्धा चौरसच ठेवायची.

रेषा सरळ हव्या असतील तर कॅमेरा वर-खाली न झुकवता सपाट धरायला हवा, आणि त्यासाठी आपणच उंचावर जायला हवं. जवळ ७०-२०० ची, म्हणजे लांबचं जवळ आणणारी झूम लेन्स होती. लांबून झूम करून काढलं की मागचं-पुढचं अंतरही दबल्यासारखं दिसतं, भिंत कागदासारखी सपाट दिसते. मला नेमकं तेच हवं होतं.

प्रश्न होता समोरच्या एखाद्या इमारतीच्या गच्चीवर जायला मिळण्याचा. एका सोसायटीच्या सेक्रेटरींनी थेट विचारलं, "एवढी मोठी लेन्स घेऊन कुणाच्या घरात बघणार तुम्ही?" मला ते लागलं, पण प्रश्न रास्तच होता. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ नुसार इमारतीचा फोटो काढल्याने वास्तुकाराच्या हक्काचा भंग होत नाही, पण त्या काळ्या चौकोनात माणसं राहतात. मी त्यांना माझे इतर फोटो दाखवले आणि शब्द दिला की कांचनजंगाच्या गच्चीत कुणी आलं तर बटण दाबणार नाही. एक तास मिळाला. दोनदा कॅमेरा खाली ठेवून थांबावं लागलं.

खरी अडचण उजेडाची होती. सकाळी लवकर ऊन पूर्वेच्या भिंतीवर समोरून पडतं, तेव्हा सगळं एकसारखं उजळतं आणि आकार मरतो. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. साडेअकराच्या सुमारास ऊन त्याच भिंतीला तिरकं घासून जातं, आणि तेव्हा कड उठते. त्याच तासासाठी मी तीन आठवडे थांबले.

तरीही घरी येऊन मी सावल्या उजळत बसायचे, आतली झाडं, कठडे दिसावेत म्हणून. मग कांचनजंगाच्या या गच्च्या तिथे का आहेत ते वाचलं. मुंबईत समुद्र आणि वारा पश्चिमेला, पण दुपारचं ऊन आणि पावसाचा माराही तिकडूनच. जुन्या बंगल्यांभोवती त्यासाठी व्हरांडा असायचा. कोरियांनी तो व्हरांडा उंच इमारतीत आणला, कोपऱ्यातल्या दोन मजली उंचीच्या बागेच्या रूपात. मी ज्याला काळा चौकोन म्हणत होते, ती मुद्दाम बांधलेली सावली होती! त्या दिवसापासून सावली उजळणं बंद केलं. भिंतीच्या सर्वांत उजळ भागावर स्पॉट मीटरिंग करून, म्हणजे फक्त तिथलाच उजेड मोजून, भिंत फिकटच राहील एवढं एक्स्पोजर ठेवायचं (लेन्सचं छिद्र एफ/८, संवेदनशीलता आयएसओ १००) आणि सावली काळी होऊ द्यायची.

फोटो कापण्याचं धैर्य छायाचित्रकार लुसिआँ एर्वेमुळे आलं. वास्तुकार ल कॉर्बुझिएच्या इमारतींचे, चंडीगडचेसुद्धा, फोटो काढणारा हा माणूस आपल्याच प्रिंटा कात्रीने कापायचा. मीही २८ मजल्यांचा मोह सोडला. एक कोपरा, दीड गच्ची, उरलेलं आभाळ. मात्र वायर किंवा एसीचं खोकं सॉफ्टवेअरने पुसणं मला पटत नाही. ते नको असेल तर दोन पावलं सरकावं, नाहीतर तो फोटो सोडून द्यावा. मी बरेच सोडले.

शेवटी पाच उरले. बारा इंची चौरस प्रिंट काढून एक त्या सेक्रेटरींना नेऊन दिली. त्यांनी ती आडवी धरली, मग उभी, मग खिडकीशी जाऊन समोरच्या इमारतीशी जुळवत राहिले. पश्चिमेची बाजू अजून व्हायची आहे. जूनमध्ये आभाळ सलग राखाडी झालं की गच्ची पुन्हा उघडून देतो म्हणाले.