खांब जमिनीवर

रविवार

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला, हाड छान जुळलंय म्हणाले, "आता काय हवं ते करा." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून घाईघाईने, "काय हवं ते म्हणजे ते नव्हे हं!" आईने एवढेही आढेवेढे घेतले नाहीत. "चाळिशी उलटली. भजनी मंडळात जा, तिथे पडायची सोय नाही," एवढं बोलून ती कुकर लावायला गेली.

आज सकाळी पागेत गेलेच. छबी मला बघून हिणहिणली वगैरे काही नाही. खिशाला नाक लावलं, गूळ मिळाला, पुन्हा चाऱ्यात तोंड. फार बरं वाटलं. गेले दोन-अडीच महिने जो तो माझ्याकडे काचेच्या भांड्यासारखा बघतोय, हिला काही फरक पडलेला नाही.

पडले त्याची गोष्ट इतक्यांना सांगून झालीय की आता ती दुसऱ्या कुणाची वाटते. मे महिन्यातली संध्याकाळ, मैदानाच्या कोपऱ्यात चिंचेखाली लावलेला ऑक्सर, म्हणजे एकामागे एक दोन खांबांचा रुंद अडथळा, उंची मीटरभरसुद्धा नाही. छबी तालात, सरळ आली आणि शेवटच्या क्षणी चारही पाय रोवून थांबली. ती थांबली, मी नाही. उजव्या खांद्यावर आदळले, कॉलरबोन मोडलं, हेल्मेटला मागून चीर गेली. त्यानंतरचा थोडा वेळ माझ्याकडे नाहीच. लोक सांगतात की मी "छबीला पाणी दिलं का?" हे एकच पुन्हा पुन्हा विचारत होते.

कारणं सांगणारे पुष्कळ भेटले. कुणी म्हणालं घोडी बिथरली, कुणी खोगिराला बोल लावला. मला शिकवणाऱ्या उस्तादांनी मात्र चिंचेकडे बोट केलं. "घोडं येडं नसतंय ताई. उनातनं सावलीत आलं की त्याला घटकाभर दिसत न्हाई." नंतर वाचलं तर ते खरंच निघालं. उजेडातून अंधारात गेल्यावर घोड्याचा डोळा आपल्यापेक्षा बराच सावकाश सरावतो. त्यात डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे अगदी कपाळासमोरचं त्याला दिसत नाही. उडी घेताना खांब त्याच्या नजरेतून गेलेलाच असतो, तो आठवणीवर उडतो. रंगांचंही तसंच. आपल्याला लाल-नारिंगी रंग लांबून ओरडून सांगतो, घोड्याला तो हिरवळीत मिसळल्यासारखा दिसतो. ब्रिटनमध्ये रेसच्या अडथळ्यांवरचा नारिंगी रंग काढून 2022 पासून पांढरा करायला घेतला, तो याच अभ्यासामुळे. आमचा तो ऑक्सर तांबड्या खांबांचा होता, सावलीत होता, आणि मावळतीचं ऊन समोरून येत होतं. छबीच्या जागी मी असते तर मीही थांबले असते.

मंगळवार

हितचिंतकांचं एक ठरलेलं वाक्य असतं: पडलं की तिथल्या तिथे पुन्हा चढायचं, नाहीतर भीती कायमची बसते. हे वाक्य मला अजिबात मान्य नाही. मऊ वाळूत ढुंगणावर पडलं तर जरूर चढावं. पण डोकं आपटलेल्या माणसाला परत खोगिरावर बसवणं म्हणजे धाडस नाही, निव्वळ अडाणीपणा. आंतरराष्ट्रीय स्पर्धांमध्येही उडीच्या फेरीत स्वार पडला की तो बाद, पुन्हा चढून फेरी पुरी करता येत नाही. आणि हेल्मेट एकदा जोरात आदळलं की वरून कितीही धड दिसो, आतला फोम दबलेला असतो, ते टाकायचं. माझं टाकलं. नवीन घेताना किंमत बघून कॉलरबोनपेक्षा जास्त दुखलं.

भीती मनात असते असं म्हणतात. माझी तर हातात निघाली. आज ट्रॉटवर, म्हणजे दुडक्या चालीवर, सगळं ठीक चाललं होतं, मनात काहीही नव्हतं, संध्याकाळच्या भाजीचा विचार चालू होता. चिंचेचा कोपरा आला आणि माझ्या मुठी आपोआप आवळल्या, कोपरं पोटाशी आली, श्वास अडकला. तिथे अडथळासुद्धा नव्हता. मोकळी वाळू.

छबी रेसकोर्सवरून आलेली थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीची. अशा घोड्यांना आयुष्यभर शिकवलेलं असतं की लगामाला ताण आला की त्यावर टेकून पळायचं. म्हणजे मी घाबरून लगाम ओढला की तिला तो "चल, पळ" असा वाटतो. ती वेग घेते, मी आणखी ओढते, ती आणखी वेग घेते. यात घोडीचा दोष शून्य. तिच्या भाषेत मी स्पष्ट हुकूम देत असते.

उस्ताद कुंपणाला टेकून बघत होते. "तोंड तिचं हाय, तुमचं न्हवं. सोडा." सोडा म्हणणं सोपं. बोटं ऐकत नाहीत.

शुक्रवार

उस्ताद मूळचे साताऱ्याकडचे, जयपूरच्या 61 कॅव्हलरी या घोडदळाच्या रेजिमेंटमधून दफेदार म्हणून निवृत्त झालेले. त्या रेजिमेंटमध्ये राजपूत आणि कायमखानींच्या बरोबरीने मराठ्यांची भरती होते, त्यामुळे सातारी मराठीत पलटणीचं हिंदी मिसळलेली त्यांची एक स्वतंत्र बोली आहे. धीर देणं हा प्रकार त्यांच्याकडे नाही. "घाबरू नका" हे शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकले नाहीत. ते फक्त काम देतात.

आजचं काम: जमिनीवर ठेवलेले खांब. साडेचार-साडेचार फुटांवर एक, ट्रॉटवर घोड्याचं प्रत्येक पाऊल दोन खांबांच्या मधोमध पडेल असे. शेजारच्या रिंगणात शाळकरी पोरं ऑक्सरवरून उडत होती आणि मी आपली लाकडं ओलांडत होते. पहिल्यांदा थोडी लाज वाटली, मग विसरले, आणि शेवटी तर चक्क कंटाळा आला. उस्तादांना तेच हवं होतं बहुतेक. मी म्हटलं, "बोअर झालं." ते म्हणाले, "मग ठीक. उद्या परत हेच."

छबीच्या गळ्यात त्यांनी रिकिबीची एक जुनी वादी बांधून दिली. जुनी म्हणजे किती जुनी, भोकांपाशी चामडं काळं पडून चकाकतंय, कडा वळलेल्या. तोल जाईल असं वाटलं की लगामाऐवजी त्या वादीत दोन बोटं अडकवायची. बस, एवढंच. पण त्या दोन बोटांनी मुठीचा प्रश्न निम्मा सोडवला. हाताला काहीतरी धरायला हवं होतं, ते मिळालं, आणि छबीच्या तोंडाची सुटका झाली. तिने लगेच मान लांब केली, नाकातून फुरफुर केली. खांब संपल्यावर कान माझ्याकडे वळवले.

सोमवार, पाऊस

मैदानात डबकी, म्हणून सुट्टी. कपाट आवरताना घोडेस्वारीवरची जुनी टिपणं सापडली आणि फेदेरिको काप्रिल्लीवरचं पान निघालं. इटलीच्या घोडदळातला हा अधिकारी. त्याच्या आधी युरोपातली फौजी पद्धत अशी होती की अडथळा आला की स्वाराने मागे रेलायचं, पाय पुढे, लगाम खेचलेला. घोड्याच्या तोंडाला हिसका बसायचा, पाठीवर सगळं वजन आपटायचं. काप्रिल्लीने उलट सांगितलं: घोड्याला त्याच्या पद्धतीने उडू द्या, तुम्ही पुढे झुका, रिकिबीवर वजन घ्या, हात त्याच्या तोंडाबरोबर पुढे जाऊ द्या. आज जगभर उडी अशीच मारतात. तो स्वतः 1907 मध्ये तूरिनला घोड्यावरून पडूनच गेला, हे पुढच्या ओळीत होतं. आज ती ओळ नसती तरी चाललं असतं.

पण वाचताना एक गोष्ट पटकन डोक्यात आली. घाबरलं की माझं शरीर काप्रिल्लीच्या आधीच्या जमान्यात जातं. खांदे मागे, टाचा पुढे, हात पोटाशी. मागे रेललं की जमिनीपासून लांब राहिल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात घोडा उडतो तेव्हा मागे राहिलेला स्वार हिसका खातो आणि घोड्यालाही देतो, मग पुढच्या वेळी घोडा उडायचं की नाही याचा विचार करतो. शेकडो वर्षं एवढ्या फौजा मागे का रेलत होत्या, याचं उत्तर मला आज माझ्या पाठीत सापडलं. घाबरत असणार बिचाऱ्या.

शनिवार

क्रॉस लावला! दोन खांब एकमेकांवर फुलीसारखे, मध्ये गुडघ्याइतकी उंची. त्याच्या नऊ फूट आधी जमिनीवर एक खांब, म्हणजे छबी ट्रॉटवर बरोबर जागेवर येऊन उडणार आणि अंतराचा हिशोब मला करायचा नाही.

पडल्यापासून माझी मोठी अडचण हीच होती, अंतर. कँटरची, म्हणजे संथ दौडीची, एक ढांग साधारण बारा फुटांची. उस्ताद ते पावलांनी मोजतात, तीन फुटांचं एक पाऊल, चार पावलं म्हणजे एक ढांग. दोन अडथळ्यांमध्ये उतरायला दोन पावलं आणि उडायला दोन पावलं धरायची, उरलेल्याला चाराने भागायचं. पूर्वी हे गणित मैदानात चालून करायचे आणि घोड्यावर बसले की विसरून जायचे. आता घोड्यावरच करत बसते: लांब पडतंय, जवळ येतंय, आत्ता उडेल, नाही उडणार. आणि ढांग मोजता मोजता नजर खांबावर खिळते. नजर खाली गेली की मान खाली, मान गेली की खांदे, आणि सगळं वजन छबीच्या पुढच्या पायांवर, ऐन उडायच्या वेळी.

"खांबाकडं काय बघताय? त्यो काय पळून जातोय व्हय?" उस्ताद ओरडले. मग म्हणाले, पलीकडच्या पाण्याच्या टाकीवर काय लिहिलंय ते वाचा. मोठ्यानं. मी ओरडत वाचत गेले, "पिण्याचे पाणी नाही, पिण्याचे पाणी नाही," आणि क्रॉस कधी मागे गेला कळलं नाही. शेजारच्या रिंगणातली पोरं हसत होती. ओरडायचं म्हटलं की श्वास सोडावाच लागतो, आणि श्वास सुटला की मुठी आवळता येत नाहीत. इतकं साधं आहे ते.

बुधवार

निक स्केल्टनची गोष्ट मला आतापर्यंत बऱ्याच जणांनी पाठवली आहे. ब्रिटनचा घोडेस्वार, 2000 साली पडून मान दोन ठिकाणी मोडली, पुन्हा पडलात तर जिवावर बेतेल असं सांगितलं गेलं, त्याने निवृत्ती जाहीर केली, मग परतला, आणि 2016 मध्ये रिओला बिग स्टार या घोड्यावर वैयक्तिक सुवर्ण, वयाच्या 58व्या वर्षी. पाठवणाऱ्यांना त्यातलं सुवर्ण दिसतं. मला त्याचा काही उपयोग नाही, मी ऑलिंपिकला निघालेली नाही. माझ्या कामाचं आहे ते मधलं: त्या माणसाने थांबण्यात कमीपणा मानला नाही. हाड जुळेपर्यंत खोगिराला हात लावला नाही. मध्यंतरी बिग स्टारही जायबंदी होता, त्यालाही वेळ दिला. दोघे बरे होऊन आले. असे संदेश "हिंमत हरू नका" या मथळ्याखाली येतात, पण त्यात हिंमतीपेक्षा धीर जास्त आहे.

रविवार

चिंचेखालचा ऑक्सर. सकाळी, ऊन पाठीमागून असताना. खांब पांढरे, हे मीच मागून घेतलं. मागचा खांब सेफ्टी कपांवर, म्हणजे घोड्याचा पाय वरून पडलाच तर कप सुटतो आणि खांब खाली येतो. उंची मुद्दाम विचारली नाही.

कोपऱ्यात मुठी आवळल्या. खोटं कशाला लिहू? दोन बोटं वादीत गेली, टाकीवरचं वाचायला सुरुवात केली, "पिण्याचे..." एवढ्यावर छबी हवेत होती. जरा लांबून उडली, मी किंचित मागे राहिले, पण हात सुटे होते, त्यामुळे तिला हिसका बसला नाही. उतरल्यावर तिने मान झटकून दोन उड्या स्वतःच्या मर्जीने मारल्या. उस्ताद म्हणाले, "ठीक." त्यांच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ. नंतर काही वेळा चांगली गेली, एकदा वाईट गेली, वाईट गेल्यावरही पुढचीला निघावंसं वाटलं. मे महिन्याआधी असंच असायचं.

पुढच्या महिन्यात छोटी स्पर्धा आहे. फॉर्मवर 80 सेंटिमीटरच्या रकान्यात खूण केली. पूर्वी मी मीटरच्या गटात उतरायचे, पण यंदा तिथे जाण्याची मला घाई नाही, आणि उस्तादांनीही विचारलं नाही. त्यांनी फक्त ती वादी बदलून घ्या म्हणून सांगितलं, भोकाजवळ चामडं फाटायला आलंय. फी ऑनलाइन भरली. आईला अजून बोललेले नाही. स्पर्धा नेमकी एकादशीला येते, आणि उपासाच्या दिवशी साबुदाणा पोटात जाईपर्यंत तिच्याशी कुठलाच विषय काढायचा नसतो.